कामं ऑनलाइन झाली, म्हणून ऑफिसं नकोत?

ठाणे-नवी मुंबईच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सरकारी कामं आता मोबाइलवर होतात, नवी कार्यालयं कशाला? बांधायचंच तर शहराबाहेर स्वस्त जागेत एक टॉवर बांधा. नाहीतरी नवी मुंबईत सरकार नेण्याचा प्रयोग फसलाच.’ तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत.

मोबाइलवर अर्ज होतो, बरेच दाखले मिळतात, आणि ते चांगलंच आहे. पण जुना फ्लॅट घ्यायचा तर दस्तनोंदणीला दुय्यम निबंधकासमोर हजर राहावंच लागतं. अशाच एका ऑफिसात एक आजी जिन्याच्या पायरीवर बसलेल्या पाहिल्या. ऑफिस वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद, बाकं भरलेली. नंबर लागला तर झिजलेला अंगठा मशीन घेईना. पदराला पुसून पुन्हा, मग दुसरं बोट. फेरफारावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलावर, हरकत आली तर महसूल अधिकाऱ्यापुढे सुनावणी असते, तिथेही जावं लागतं. सोपी कामं ऑनलाइन गेली. खिडकीवर उरली ती अडलेली, वादातली आणि म्हाताऱ्या माणसांची. त्यांना तळमजल्यावर खिडकी, रॅम्प, बसायला जागा, स्वच्छतागृह आधीपेक्षा जास्त लागतं. सुगम इमारती हा तर २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांना दिलेला हक्क आहे.

स्वस्त जागा कुणासाठी? जमिनीचे पैसे सरकारचे एकदाच वाचतात, रिक्षाभाडं आणि बुडालेली मजुरी लोक प्रत्येक खेपेला भरतात. जव्हार-मोखाड्याची माणसं जिल्ह्याच्या कामाला पार ठाण्याला यायची. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला, त्यामागे हेही अंतर होतं. आणि सगळं एका टॉवरमध्ये कोंबायचं म्हणणाऱ्यांनी २१ जून २०१२ ची मंत्रालयाची आग आठवावी: सगळं एकाच ठिकाणी म्हणजे सगळ्यालाच एकदम धोका.

राहिला ‘फसलेला प्रयोग’. तो पुरता झालाच नाही. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली. राज्याची कार्यालयं इकडे येतील असं नियोजनात धरलं होतं. पण मंत्रालय हललं नाही, उलट नरिमन पॉइंटला भराव घालून टॉवर उभे राहिले. लोकल वाशीला पोचली ती थेट १९९२ मध्ये. लोकांनी तोवर यायचं कसं? जे आलं ते मात्र टिकलं. बेलापूरच्या कोकण भवनात, म्हणजे कोकण विभागाच्या सरकारी मुख्यालयात, आजही सिंधुदुर्गापासूनची माणसं कामं घेऊन येतात, स्टेशनवरून चालत.