क्लायंटला वठणीवर कसं आणावं

जिम ट्रेनरचं सर्टिफिकेट मिळालं, काळा टी-शर्ट अंगावर चढला, आवाजातही जरब आली. आता तुमच्या आणि तुमच्या यशाच्या मध्ये एकच अडथळा उरलाय. क्लायंट. हा माणूस आपण होऊन पैसे भरतो, आपण होऊन पहाटेची वेळ मागून घेतो, आणि साडेपाचला मेसेज टाकतो, 'सर, आज जमणार नाही.' कोर्समध्ये तुमच्याकडून स्नायूंची लॅटिन नावं घोकून घेतली. पण स्क्वॉटच्या, म्हणजे बैठकांच्या, दुसऱ्या सेटनंतर समोरचा माणूस बुटाची नाडी चौथ्यांदा का बांधतोय, यावर परीक्षेत प्रश्न आला नव्हता. म्हणून हा लेख.

आधी निदान पक्कं करा. क्लायंट टाळाटाळ करतोय म्हणजे तो आळशी आहे. हे निदान फार सोयीचं. त्याला तपासणी लागत नाही आणि त्यात तुमचा काडीचाही दोष निघत नाही. त्याची झोप चार तासांची असेल, घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, चारी भिंतींना आरसे लावलेल्या हॉलमध्ये त्याला स्वतःकडे बघवत नसेल, किंवा तुम्ही दिलेला व्यायाम त्याला मनापासून नकोसा वाटत असेल. या शक्यतांच्या वाटेला जाऊ नका. विचारायला गेलात तर प्लॅन बदलावा लागेल, आणि तुमच्याकडे प्लॅन एकच आहे.

पहिल्या भेटीत व्यायामापूर्वीची प्रश्नावली भरून घ्यायची असते. छातीत दुखतं का, चक्कर येते का, औषधं चालू आहेत का, हाडांचा किंवा सांध्यांचा त्रास आहे का, असे मोजून सात प्रश्न. ती तुम्हीच भरा. सगळीकडे 'नाही', खाली त्याची सही. त्याने जाता जाता गुडघ्याचा विषय काढलाच, तर 'या वयात सगळ्यांचेच दुखतात' म्हणून मोकळे व्हा. तीन आठवड्यांनी तो लंजेस करताना, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवताना, तोंड वाकडं करेल. त्याला नखरे म्हणायचं.

यानंतर येते समजूत घालण्याची कला. इथे एका माणसापासून सावध राहा. विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली दारूच्या आहारी गेलेल्या लोकांशी कसं बोलावं यावर एक लेख लिहिला आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती पद्धत वाढवली. मुद्दा साधा आहे. बदलायचं की नाही याबद्दल माणसाची मनं दोन असतात. तुम्ही एका मनाची वकिली करायला लागलात की तो हटकून दुसऱ्या मनाची बाजू घेतो. म्हणून म्हणे आपण कमी बोलावं आणि बदलाची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्यावीत. आता बोलायचं नाही तर ट्रेनर झालो कशाला? तेव्हा तुम्ही आपलं असंच चालू ठेवा:

'आठवड्यातून चार दिवस यायलाच पाहिजे तुम्ही.'

'हो सर, पण वेळच मिळत नाही.'

'वेळ मिळत नसतो, काढावा लागतो.'

'बरोबर आहे, पण ऑफिसमधून निघायलाच आठ वाजतात.'

'मग पहाटे या.'

'पहाटे जागच येत नाही.'

किती छान चाललंय बघा. आला तेव्हा बिचाऱ्याकडे न येण्याचं एकही धड कारण नव्हतं. आता तीन आहेत, आणि तिन्ही त्याच्याच तोंडून पक्की झाली आहेत. याउलट, 'नाव नोंदवावंसं का वाटलं?' एवढं विचारून तुम्ही गप्प बसलात, तर तो थोडा वेळ पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडझाक करेल आणि मग सांगेल, की परवा मुलीमागे जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर दम लागला आणि ती वरून हसत म्हणाली, 'बाबा, या ना लवकर.' हे एकदा ऐकलं की त्या माणसावर ओरडणं अवघड जातं. मग तुमच्या आवाजातल्या जरबेचं काय करायचं?

पहिल्या दिवशी त्याला मोडा. लेग डे ठेवा. बर्पीज घ्या, म्हणजे जमिनीवर आडवं होऊन उठायचं आणि उडी मारायची, वर जंप स्क्वॉट्स घ्या. जिना उतरताना त्याने कठडा धरला पाहिजे. सवय नसलेल्या व्यायामानंतरचं दुखणं लगेच जाणवत नाही. ते साधारण २४ ते ७२ तासांत ऐन भरात येतं. म्हणजे दुसऱ्या सेशनच्या दिवशी तो खुर्चीतून उठताना कण्हत असेल आणि येणार नाही. मग तुम्ही म्हणायचं, 'बघा, मी म्हटलं नव्हतं, आळशी आहे?' नवख्या माणसाला फारच ताणलं तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात, लघवी चहासारखी गडद होते आणि मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत वेळ येते. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात आणि यासाठी हॉस्पिटल गाठावं लागतं. पण एवढं लांबलचक नाव सांगून क्लायंटला कशाला घाबरवायचं? त्याला 'नो पेन, नो गेन' पुरे.

रेप्स, म्हणजे व्यायामाची आवर्तनं, मोजण्याचंही एक शास्त्र आहे. आठ, नऊ, नऊ, नऊ, चला अजून दोन, हां, शेवटचे दोन, आता खरंच शेवटचे दोन. तिसऱ्या 'शेवटच्या'ला क्लायंटच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो जिद्दीचा नसतो, हे तुम्हालाही कळतं. पण विचारायचं नाही. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने किती श्रम वाटताहेत हे माणसाला आकड्यात सांगता यावं म्हणून ६ ते २० अशी एक मोजपट्टी केली. सुरुवात ६ पासून अशासाठी, की आकड्याला दहाने गुणलं की हृदयाच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज यावा. सगळी भिस्त क्लायंटच्या सांगण्यावर! त्याने खरोखरच 'सतरा' म्हटलं तर वजन कमी करावं लागेल, आणि बाजूच्या बेंचवरचा ट्रेनर बघतोय.

प्लँक मात्र तुमच्या विश्रांतीसाठी आहे. क्लायंट कोपरांवर, कंबर हळूहळू खचतेय, नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबकळतोय आणि तो पुसायला हात मोकळा नाही. अशा वेळी मोबाइल काढा. कुणाचं तरी रील बघा, लाइक करा, कमेंटला उत्तर द्या. मग मान वर करून त्यालाच विचारा, 'किती झाले?' तीसऐवजी नव्वद सेकंद झाले असतील तर 'मुद्दामच केलं, तुमची कपॅसिटी बघत होतो' म्हणा. हे वाक्य पाठ करून ठेवा, आठवड्यातून दोन-तीनदा लागतं.

सवयीचा विषय निघाला की 'एकवीस दिवस' म्हणायचं. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणातून आला. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. नाकाचा आणि जमिनीवरून वजन उचलण्याच्या डेडलिफ्टचा संबंध काय, असं कुणी विचारत नाही. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला. २०१० साली छापून आलेल्या त्या निबंधात सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ ते २५४ दिवस असा पसरलेला निघाला, मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात निघालं. हे शेवटचं वाक्य क्लायंटच्या कानावर पडता कामा नये. एक दिवस बुडाला की सगळं मुसळ केरात, अशीच त्याची समजूत राहू द्या. म्हणजे सोमवार चुकला की तो मंगळवारी तोंड दाखवायला लाजेल, बुधवारी आणखी लाजेल, आणि पुढचा सोमवार यायच्या आत प्रश्नच मिटेल.

तरीही एखादा चिवट निघतो. कामाच्या धबडग्यातून धापा टाकत येतो आणि म्हणतो, 'सर, आज पंधराच मिनिटं आहेत.' त्याला सांगा, 'मग आलातच कशाला?' जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आणि वर काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलंही बरं, असंही म्हटलं. संघटनेला काय जातंय म्हणायला? तिला कुठे रिन्यूअलचं टार्गेट आहे?

बाकीचे प्रकार किरकोळ. व्हिडिओ बघून येणाऱ्याला 'मग त्यालाच ट्रेनर ठेवा' म्हणायचं, तो काय बघून आला हे न बघता. डॉक्टरने पाठवलंय त्याला डॉक्टरबद्दल दोन शब्द ऐकवायचे. अखंड बडबडणाऱ्याला टाइमपास म्हणायचं. वास्तविक मध्यम श्रमात माणूस बोलू शकतो पण गाऊ शकत नाही, आणि जोरात श्रम पडले की चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबतो. तेव्हा तासभर एखाद्याची अख्खी कहाणी न अडखळता ऐकावी लागत असेल, तर दोष त्याच्या जिभेचा की तुम्ही दिलेल्या व्यायामाचा? पण हा हिशोब मांडत बसू नये. चाळीस मिनिटं उशिरा येऊन पूर्ण तास मागणारे क्लायंट मात्र खरोखरच छळतात, त्यात वाद नाही. त्यावर पहिल्याच दिवशी लेखी नियम ठरवून देता येतो, पण मग लॉकर रूममध्ये इतर ट्रेनरांशी बोलायला विषय काय उरणार?

आणि इतकं करूनही त्याचं येणं बंद झालं तर मनाला लावून घेऊ नका. वर्षाचे पैसे भरून न येणारा क्लायंट ट्रेडमिल झिजवत नाही, टॉवेल वापरत नाही, एसी वाढवा म्हणत नाही. जितक्यांनी पैसे भरलेत तितके सगळे एकाच संध्याकाळी आले तर उभं राहायला जागा पुरेल का, हे मॅनेजरला विचारून बघा. तो विषय बदलेल.

मुदत संपताना शिष्टाचार म्हणून एक फोन करा. तो म्हणेल, 'कामाचा लोड फार वाढलाय, सर.' लगेच 'हो हो, काम आधी' म्हणा आणि ठेवा. 'खरं कारण सांगाल का?' असं चुकूनही विचारू नका, सांगून टाकायचा. नंतर त्याला ग्रुपमधून काढा. फक्त पहिल्या दिवशी काढलेला त्याचा तो पोट सुटलेला फोटो तेवढा जपून ठेवा. चेहरा कापला की 'आधी' म्हणून कुठेही खपतो. 'नंतर'चं पोट दुसऱ्या कुणाचं तरी मिळेल.