झुरळ चिरडून बॉल लांब जात नाही

परभणीला ताईकडे गेलो होतो. भाची सकाळी बॅटिंगच्या सरावाला निघाली तेव्हा दारात तिचे बूट दिसले. उजव्या बुटाचा तळ अंगठ्याखाली झिजून भोक पडलेलं, डावा जवळपास कोरा. बूट घेऊन तीनच महिने झाले होते. विचारलं तर म्हणाली, "मामा, मी रोज दोनशे वेळा झुरळ चिरडते." मग उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं आणि म्हणाली, "जिना उतरताना इथं दुखतंय."

हे झुरळ कुठून आलं ते रात्री कळलं. दाजींनी फॅमिली ग्रुपवर टाकलेली क्लिप. नंतर तीच मला आणखी चार ग्रुपवर सापडली, त्यातले दोन सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळणाऱ्या पोरांच्या पालकांचे. क्लिपचं म्हणणं असं: स्विंगची, म्हणजे बॅट फिरवण्याची, सगळी ताकद मागच्या पायात असते, म्हणून बॅट फिरताना मागचा चवडा झुरळ चिरडल्यासारखा जागच्या जागी गरगर फिरवा, तो जमिनीवरून सुटला की ताकद गेली. कंबर जितकी लवकर आणि जितकी जास्त फिरेल तितका बॉल लांब. वजन शेवटपर्यंत मागच्या पायावर. आणि ज्यांना क्रिकेटची सवय आहे त्यांना हे कधीच जमणार नाही.

दहावी-बारावीचे क्रीडा गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. आपल्याकडची पोरं हे खेळ जीव लावून खेळतात, आणि असं काही हाती पडलं की ते खरोखर दोनशे वेळा करतात. म्हणून गप्प बसवत नाही. मी स्वतः कॉलेजात बेसबॉल खेळलो, आता सकाळी पोरांना शिकवतो.

आधी झुरळ. ही सूचना अमेरिकेत लहान मुलांना शिकवताना जुन्या काळापासून वापरतात, 'किडा चिरड' म्हणून. ज्यांनी ती पहिल्यांदा दिली त्यांनी जे पाहिलं ते खरं होतं: चांगल्या बॅटरचा मागचा पाय शेवटी वळलेला असतो, टाच वर आणि बुटाच्या लेस पिचरकडे, म्हणजे बॉल टाकणाऱ्याकडे. पण पाय वळल्यामुळं शरीर फिरत नाही, शरीर फिरल्यामुळं पाय वळतो. आपल्याकडं बाभळीच्या खोडाला कुऱ्हाडीचा आडवा घाव घालणारा माणूस बघा. पुढचा पाय रोवतो, अंग त्यावर येतं, आणि मागची टाच आपोआप उचलली जाते. त्याला कुणी टाच फिरव म्हणून शिकवलेलं नसतं.

स्विंगमध्येही तेच घडतं. उजव्या हाताचा बॅटर डावं पाऊल पुढं टाकतो, टाच टेकते, गुडघा सरळ होत जातो आणि पुढं निघालेलं अंग तिथं अडतं. त्या अडण्यातून ओटीपोटाचा भाग पुढच्या खुब्याभोवती वळतो. १९९५ साली वेल्च या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी व्यावसायिक बेसबॉल बॅटरांची मोजमापं प्रसिद्ध केली. पुढच्या पायानं जमिनीवर दिलेला जोर शरीराच्या वजनाच्या १२३ टक्के भरला. म्हणजे ४५ किलोच्या पोरीचा हिशोब केला तर ५५ किलोचा दाब, आणि तोही पुढच्या पायावर. अशा वेळी मागच्या पायावर उरतं किती? अमेरिकन बेसबॉलमधल्या फ्रँक थॉमसनं ५२१ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले, आणि बॉलला बॅट लागताना त्याचा मागचा पाय कित्येकदा जमिनीपासून सुटलेला दिसतो. ७५५ होमरन मारणारा हँक आरन तर पुढच्या पायावर येऊन मारण्यासाठीच ओळखला जायचा. क्लिपच्या हिशोबानं या दोघांचीही ताकद गेलेली.

नुकसान कुठं होतं ते आता नीट ऐका. चवडा जागीच दाबून धरायचा म्हणजे वजन त्याच पायावर ठेवावं लागतं. वर शरीर जोरात वळतंय, खाली बुटाचे स्टड मुरमात रुतलेत. मग तो पीळ जातो कुठं? गुडघ्यात. गुडघा मुळात बिजागरीसारखा वाकायला बनलाय, वाकलेला असताना थोडासाच वळतो. एकदा केलं तर काही होत नाही. वाढत्या वयाच्या पोरीनं रोज दोनशे वेळा केलं की जिना उतरताना दुखणारच.

दुसरा मुद्दा कंबरेचा. इथं अर्धं खरं आहे आणि ते मान्य करतो. हातांच्या आधी खालचं अंग निघतं. त्याच मोजमापात ओटीपोटाचा भाग सेकंदाला ७१४ अंशांच्या वेगानं फिरला, त्यानंतर खांदे ९३७ अंशांनी. १९४१ साली .४०६ची सरासरी (म्हणजे दहातल्या चार वेळा हिट) राखणारा अमेरिकन बॅटर टेड विल्यम्सही खालचं अंग आधी, हात नंतर, हेच सांगायचा. पण इंग्रजीतल्या 'हिप'ची क्लिपवाल्यानं 'कंबर' केली आणि घोटाळा तिथं झाला. आपल्या पोराला कंबर फिरव म्हटलं की ते पाठीचा खालचा कणा पिळतं. तो कणा पुढं-मागं छान वाकतो, पण गोल फिरायला त्याला फार थोडी मुभा असते. फिरायला बनलाय तो खुबा. म्हणून मी पोरांना चड्डीच्या खिशावर हात ठेवायला लावतो आणि सांगतो, मागचा खिसा पुढं आण. कंबर हा शब्दच वापरत नाही.

'जितकी लवकर' तर साफ चूक. आधीच उघडलेला, म्हणजे अंग पिचरकडे वळवून बसलेला बॅटर बाहेरच्या कोपऱ्यावरच्या, अंगापासून लांबच्या बॉलपर्यंत पोचत नाही, पोचलाच तर बॅटचं टोक लागून मरतुकडा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून सरपटणारा फटका, निघतो. आतला, अंगाजवळचा बॉल असेल तर खुबे जास्त उघडतात, बाहेरचा असेल तर कमी. किती फिरायचं ते बॉल ठरवतो.

वजनाचं वर आलंच: सुरुवात मागून होते, शेवट मागं होत नाही. आणि क्रिकेटवाल्यांना जमत नाही म्हणे! माझ्याकडचे निम्मे चांगले बॅटर टेनिस बॉल क्रिकेटमधून आलेत.

भाचीला आठवडाभर बॅट धरू दिली नाही, गुडघा डॉक्टरांना दाखवला. मग मागच्या पायाबद्दल एक शब्द न काढता फक्त चालत येऊन, पुढची टाच रोवून मारायला लावलं. पहिल्या दिवशी तिच्या उजव्या पायाखाली मुरमात वाटीएवढा गोल खड्डा पडायचा. चौथ्या दिवशी तिथं खड्डा नव्हता. बुटाच्या टोकानं पिचरच्या दिशेनं ओढलेली चार बोटं लांब रेघ होती. त्या रेघेचा फोटो काढून मी फॅमिली ग्रुपवर, त्या क्लिपच्या खालीच टाकलाय.