आधी एनओसी, मग सीपीआर

पॅरामेडिक, म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये रुग्णाला तातडीचे उपचार देणारे, झालात, अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे आपण नेमके कोण झालो हे घरच्यांना समजावणं. माझं ऐकाल तर त्या भानगडीत पडूच नका. आत्याने विचारलं तर ‘हॉस्पिटलात असतो’ म्हणा, मामाने विचारलं तर ‘डॉक्टरांबरोबर असतो’ म्हणा. खरं सांगायला गेलात की प्रश्न येतो, ‘म्हणजे ॲम्ब्युलन्स चालवतोस?’ तुम्ही म्हणणार, ‘नाही, मी मागे बसतो.’ मग मामा हळहळतात, ‘अरेरे, ड्रायव्हिंग शिकून घे रे, कुठेही नोकरी मिळेल.’

मामांचं बोलणं मनावर घेऊ नका, पण विसरूही नका. ‘पॅरामेडिक कम ड्रायव्हर पाहिजे’ ही जाहिरात पाहिलीत की तुम्हाला ते आठवणारच आहेत.

नोकरी शोधताना ‘पॅरामेडिकल स्टाफ’ या शब्दाला भुलू नका. आपल्याकडे पॅरामेडिकल म्हणजे डॉक्टर आणि नर्स सोडून उरलेले सगळे: एक्स-रेवाला, लॅबवाला, ओटीतला, डायलिसिसवाला. एका ठिकाणी मी इमर्जन्सीचं सर्टिफिकेट घेऊन रुजू झालो, तर पहिल्याच दिवशी हातात रक्ताच्या बाटल्यांचा ट्रे दिला आणि तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. लिफ्ट बंद होती. इमर्जन्सी म्हणायची तर तेवढीच.

मग तुम्ही म्हणाल, १०८ आहे की! आहे ना. ऑगस्ट २००५ मध्ये हैदराबादेत ती सुरू झाली, एकेक राज्य करत देशभर पसरली आणि अनेक राज्यांत त्या गाडीत मागे ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) बसतो, म्हणजे तुमच्याच जातकुळीतला माणूस. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपली सेवा काढताना मन मोठं केलं आणि मागे थेट डॉक्टर बसवला, बहुतेकदा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा. रुग्णाचं यात भलंच झालं. तुमच्यापुरता याचा अर्थ असा, की बाकावरची जागा भरलेली आहे, पुढच्या राज्यात पाहा.

तर आता पुढचं राज्य. कुठलं ते सांगत नाही, माझा अर्ज अजून तिथेच आहे.

राज्य बदलायला फारसं काही लागत नाही. आधी जिथे नोंदणी आहे तिथून ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचं. कुणाची हरकत असू शकते, हे विचारायचं नाही. त्याबरोबर ‘गुड स्टँडिंग’चा दाखला, म्हणजे तुमच्यावर कारवाई झालेली नाही याचा पुरावा. मग हे कागद खरे आहेत का, हे नव्या राज्याच्या परिषदेने, म्हणजे नोंदणी करणाऱ्या संस्थेने, जुन्या परिषदेला पत्राने विचारायचं, आणि जुन्या परिषदेने पत्राने कळवायचं की होय, आम्हीच दिलेत. या पत्रव्यवहारात तुम्ही पडायचं नसतं. तुम्ही फक्त फोन करायचा. फोन उचलला गेला तर समजा, तुम्ही दुसऱ्याच खात्यात लावलाय.

यात एक बारीकशी गंमत आहे. ना हरकत प्रमाणपत्राला मुदत असते, पडताळणीला नसते. त्यामुळे पडताळणी होऊन येते तेव्हा प्रमाणपत्र शिळं झालेलं असतं. नवं काढा म्हणतात. काढलंत की त्याची पडताळणी. मधल्या काळात अनुभवाचा दाखला जोडायला सांगतील. अनुभवासाठी नोकरी हवी, नोकरीसाठी नोंदणी, नोंदणीसाठी अनुभव. इथे डोकं धरून बसू नका. आपलं प्रशिक्षण आठवा: श्वासमार्ग मोकळा, श्वास चालू, नाडी लागतेय. मग तुम्ही इमर्जन्सी नाही, रांगेत उभे राहा.

नावाचं मात्र गांभीर्याने घ्या. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं येतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. त्यापुढे आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर मात्र आडनाव शेवटी. पलीकडच्या खिडकीत बसलेल्या गृहस्थांनी माझी मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे म्हणाले, ‘ही दोन माणसं आहेत.’ मी म्हटलं, ‘साहेब, मी एकटाच आलोय.’ त्यांनी प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. दोन्ही माणसं मीच आहे असं मी शपथेवर लिहून दिलं. फोटो मात्र एकच चिकटवा म्हणाले.

कायद्याचं बळ नाही असं समजू नका. संसदेने २०२१ मध्येच आपल्यासारख्यांसाठी कायदा करून राष्ट्रीय आयोग आणला, प्रत्येक राज्यात परिषद, राज्याची नोंदवही, देशाची नोंदवही. परिशिष्टात ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट (पॅरामेडिक)’ असं छापलंय. मी ते पान घरच्यांना दाखवलं, मामांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. परिषदा स्थापन करायला राज्यांना मुदत दिली होती सहा महिन्यांची. सरकारी काम, सहा महिने थांब, ही म्हण एवढ्या इमानाने कायद्यात उतरलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नव्याने मुदत घालून द्यावी लागली, यावरून ते सहा महिने किती लांबले ते समजा.

दरम्यान खिशात अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट) कार्ड बाळगा. दोन वर्षांचं असतं. कुठल्याही राज्यातलं हॉस्पिटल ते पाहून मान डोलावतं. सात समुद्रापलीकडचं कार्ड चालतं, शेजारच्या जिल्ह्यातलं रजिस्ट्रेशन चालत नाही, कारण मधून राज्याची हद्द गेलेली असते. अमेरिकेलाही फार डोक्यावर घेऊ नका म्हणा. तिथे राष्ट्रीय परीक्षा एक असली तरी परवाना ज्या त्या राज्याचाच. काही राज्यांनी एकमेकांचे परवाने मानायचा करार केलाय, त्यात कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क नाहीत. म्हणजे विमानाचं तिकीट काढूनही खिडकी सुटत नाही.

आणि एक, चालत्या गाडीत हद्दीचा विचार करू नका. मी एका खासगी ॲम्ब्युलन्सवर होतो तेव्हाची गोष्ट. सिंधुदुर्गातले पेशंट गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेणं हे आमच्याकडे रोजचंच. बांद्याच्या अलीकडे पेशंटची नाडी गेली. मी छाती दाबायला, म्हणजे सीपीआर द्यायला लागलो. मिनिटाला १०० ते १२०, निदान पाच सेंटिमीटर खोल, तीस दाब आणि दोन श्वास. गाडी हलत होती, एक गुडघा स्ट्रेचरच्या दांड्याला टेकवलेला, ऑक्सिजनची नळी पायात. सत्तावीस, अठ्ठावीस. पुढून ड्रायव्हर ओरडला, ‘पत्रादेवी गेली, मोजीत रव!’

गेली म्हणजे मी गोव्यात शिरलो होतो. नियमाने पाहिलं तर एकोणतिसावा दाब महाराष्ट्रातला आणि तिसावा बेकायदा. त्या वेळी हे सुचलं नाही, ही माझी चूक. पेशंटच्या छातीनेही हद्द ओलांडल्याचं काही कळवलं नाही. बांबोळीला कॅज्युअल्टीच्या दारात स्ट्रेचर ओढून घेणाऱ्याने एवढंच विचारलं, ‘किती वेळ चाललंय?’ नोंदणी कुठली, हे विचारायचं तोही विसरला. असा निष्काळजीपणा सगळीकडे बोकाळलाय.

तुम्ही तसं करू नका. फाइल नीट लावा, झेरॉक्सचे तीन संच, फोटो आठ, डिमांड ड्राफ्टवर पाठीमागे पेन्सिलने अर्ज क्रमांक. दर सोमवारी फोन करा, अकरानंतर, पण जेवणाच्या आधी. मीही करतो. गेल्या सोमवारी चक्क लागला. मी म्हटलं, ‘साहेब, अर्ज पोचलाय ना?’

‘पोचलाय, पोचलाय. सगळं ओके आहे. फक्त ते आडनाव, पहिलं धरायचं की शेवटचं?’