पुन्हा नवा कोच, पुन्हा तोच खेळखंडोबा

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये हेड कोच हाकलायचा आणि नवा शोधायचा हंगाम सुरू होतो. माझं डोकंच तापतं. नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचं बघा. टॉम ऑस्बर्न यांनी 25 वर्षं संघ सांभाळला, तीन राष्ट्रीय विजेतेपदं आणली. त्यांच्या जागी आलेल्या फ्रँक सोलिचना 2003 मध्ये काढलं, तेही नऊ सामने जिंकलेल्या हंगामात! 2014 मध्ये तेव्हाचे कोच पेलिनींनाही नऊ विजयांनंतरच घरी पाठवलं. अरे, हवंय तरी काय तुम्हाला? मग रायली, मग फ्रॉस्ट. फ्रॉस्टना सप्टेंबर 2022 मध्ये काढलं. ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर करार मोडल्याबद्दल त्यांना द्यायची दीड कोटी डॉलरची भरपाई निम्म्यावर आली असती. तेवढाही दम निघाला नाही! टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने तर त्यांचे कोच जिंबो फिशरना घालवायला साडेसात कोटी डॉलरहून जास्त कबूल केले. न शिकवण्याचे पैसे!

आणि ज्या अठरा वर्षांच्या पोरांनी एका माणसाच्या शब्दावर कॉलेज निवडलं, त्यांना कोण विचारतं? काढलेल्या कोचला कोट्यवधी, नव्याला त्याहून मोठा करार, आणि पोरांनी मात्र पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करत बसायचं. किती वेळा?