रूळ एकाच्या दारात, बिल दोघांच्या

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या पैशांवरून महाराष्ट्रात वाद पेटला की दोन वाक्यं हमखास येतात. ‘जपानचं कर्ज जवळपास फुकट आहे’ आणि ‘पैसा आपला, गाडी गुजरातची’. वेल्समध्ये बसून दुसरं वाक्य ऐकताना ते इथलंच वाटतं. फरक एवढाच की इथली तक्रार सूत्रात घालून मोजता येते.

लंडन-बर्मिंगहॅम ‘एचएस-२’ या अतिवेगवान रेल्वेचा एक मीटर रूळही वेल्समध्ये नाही. इंग्लंडपुरता खर्च वाढला की ब्रिटनच्या निधीवाटपाच्या बार्नेट सूत्रानुसार वेल्सला वाटा मिळतो: वाढीव रक्कम, गुणिले लोकसंख्येचं प्रमाण, गुणिले त्या खात्याचं किती काम वेल्स सरकारकडे सोपवलंय तो टक्का. गोम या शेवटच्या टक्क्यात आहे. रूळ-स्थानकांची कामं स्कॉटलंडकडे सोपवलेली आहेत, वेल्सकडे नाहीत. म्हणून एचएस-२ कागदोपत्री ‘इंग्लंड आणि वेल्स’चा प्रकल्प ठरला, स्कॉटलंडला वाटा मिळाला, वेल्सला शून्य. शिवाय हा खर्च फुगत गेला तसा वाहतूक खात्यापुरता वेल्सचा टक्काही घसरला: २०१५ मध्ये ८०.९, २०२१ मध्ये ३६.६. आता इंग्लंडमधल्या रस्त्यांवर जास्त पैसा ओतला, तरी वेल्सच्या पदरात पूर्वीपेक्षा कमी पडतं. २०२१ मध्ये संसदेच्या वेल्सविषयक समितीनं वर्गीकरण बदला असं सांगितलं. समितीचे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचे होते, तरी काही हललं नाही.

महाराष्ट्राचं प्रकरण वेगळं आहे. मूळ अंदाजातल्या १,०८,००० कोटींपैकी सुमारे ८१ टक्के जपानचं कर्ज: ०.१ टक्का व्याज, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं मुद्दल नाही. फेड येनमध्ये, म्हणजे ‘फुकट’ शब्द रुपयाच्या भावावर टांगलेला. प्रकल्प राबवणाऱ्या कंपनीच्या भागभांडवलात केंद्राचे १०,००० कोटी, दोन्ही राज्यांचे प्रत्येकी ५,००० कोटी. मार्ग मात्र ५०८ किलोमीटरपैकी सुमारे १५६ महाराष्ट्रात, स्थानकं १२ पैकी ४. यावरून ‘लुटलं’ म्हणणं सोपं आहे. पण बीकेसी ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून, महाराष्ट्राच्याच हद्दीत आहे. किलोमीटरवर भागायचं की खर्चावर? सम-समान वाटणीमागचं सूत्र मला कुठल्याच भाषणात सापडत नाही. आणि हे अनुदान नव्हे, कंपनीतला पाव हिस्सा आहे. वेल्सला तेवढंही नाही.

माझ्या मते भांडायची जागा पुढची आहे. २०१३ मध्ये मँचेस्टर आणि लीड्सपर्यंतच्या संपूर्ण एचएस-२ला, गाड्या वगळून, ४२.६ अब्ज पौंड धरले होते. पुढे लीड्सचा फाटा कापला, २०२३ मध्ये मँचेस्टरचा. उरलेल्या तुकड्याचं बिल तरी आवरेना. मुंबई-अहमदाबादचा खर्च वाढला आणि कंपनीनं नवं भागभांडवल मागितलं, तर पाव हिस्सा टिकवायला महाराष्ट्रानं पुन्हा पैसे घालायचे, की हिस्सा घटू द्यायचा? आणि वाढ बोगद्यातली असेल, तर गुजरातनं तिचा पाव भार का उचलावा? २०२० मध्ये उद्धव ठाकरे प्रकल्पाला ‘पांढरा हत्ती’ म्हणाले, तेव्हा विधिमंडळात हा प्रश्न लेखी विचारता आला असता. आजही येईल.