इंजिनाशेजारचे आजोबा

गेल्या रविवारी नेरळ स्थानकापाशी मांडून ठेवलेल्या, माथेरानच्या छोट्या गाडीच्या जुन्या वाफेच्या इंजिनासमोर एका तरुणाने मला ‘आजोबा’ म्हटले. माझे वय 58, केस काळे (प्रयत्नांती), आणि दादरहून कर्जत लोकलमध्ये दीड तास उभा राहून मी आलो होतो.

तो मैत्रिणीचा फोटो काढत होता. मध्ये येतो आहे असे वाटून मी सौजन्याने बाजूला सरकलो, तर तो कळवळून म्हणाला, “नको नको, आजोबा, राहा तिथेच! तुमच्यामुळे विंटेज लुक येतोय.” मग त्याने मला बॉयलरला हात टेकायला, हनुवटी किंचित खाली घ्यायला आणि जुने दिवस आठवल्यासारखे दूर बघायला सांगितले. चीड याची येते, की मी बघितलेही. “तुम्ही चालवायचात का हे?” मैत्रिणीने विचारले. मी नाही म्हणताच, हापूस म्हणून घेतलेली पेटी पायरीची निघावी तसा तिचा चेहरा झाला.

चालवले नसेल, पण 1975 साली याच मार्गावर वाफेच्या गाडीत बसून मी कोळशाचा कण डोळ्यात घेतला आहे, आणि आईने तो पदराच्या टोकाने काढेपर्यंत वॉटर पाइप स्थानकात इंजिनाचे पाणी पिऊनही झाले होते. म्हणून मी त्या दोघांना सांगू लागलो, की पीरभॉय कुटुंबाने उभारलेली ही दोन फुटी रुळांची गाडी 1907 साली सुरू झाली, उतारावर डब्याडब्यांतली माणसे हाताने ब्रेक आवळत, आणि या जर्मन इंजिनाच्या पुढच्या-मागच्या चाकांचे आस वळणावर स्वतःही वळत असत. (माझे गुडघे सरळ रस्त्यावरही वळत नाहीत, हा भाग मी गाळला.) तरुण म्हणाला, “भारी! हेच परत बोलता का, आजोबा? रेकॉर्डिंग चालू नव्हतं.”

मी परत बोललो. तेवढ्यात त्यांची माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्याची टॅक्सी भरली. सुमारे 21 किलोमीटरला दोन तासांहून अधिक वेळ लावणाऱ्या गाडीत बसायला त्यांना सवड नव्हती. तिच्या इंजिनाला टेकायला मात्र अर्धा तास होता. वारसा म्हणजे ज्याच्यात बसायचे नाही आणि ज्याच्यापुढे उभे राहायचे अशी वस्तू, असा काहीतरी समज झालेला दिसतो. मी तिकिटाच्या रांगेत गेलो, तर माझी पाळी येण्याआधीच खिडकीवर ‘गाडी भरली’ असे सांगण्यात आले.

शेवटी मीही टॅक्सीनेच गेलो, मागच्या सीटवर चौथा म्हणून. आणि तो फोटो मला पाठवण्यासाठी त्या मुलाने माझा नंबरसुद्धा विचारला नाही.