चाळिशीनंतरचा डायबेटीस म्हणजे टाइप २च?

डायबेटीसवरच्या एका लेखात म्हटलंय की चाळिशीनंतर शुगर निघाली म्हणजे टाइप २ धरून चाला, तर तिथे थोडं थांबा. मला ४४व्या वर्षी कळलं, तेही चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय म्हणून तपासलं तेव्हा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट, ११.२ टक्के! गोळ्या सुरू केल्या, पथ्य केलं, चाललो, आणि शुगर काही हलेना, उलट वजनच उतरत गेलं आणि घरातले म्हणतायत वा छान बारीक झालास. दीड वर्ष हेच. मग दुसऱ्या डॉक्टरांनी रक्ताच्या दोन टेस्ट करायला सांगितल्या: जीएडी अँटीबॉडी (प्रतिकारशक्ती इन्सुलिनच्या पेशींवर उलटलीय का ते कळतं) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते कळतं). निघालं लाडा, म्हणजे मोठेपणी हळूहळू येणारा टाइप १. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं पण शरीर त्याला दाद देत नाही, इथे आपलीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारत सुटते, मग गोळ्या तरी किती पुरणार?

इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी असं मलाही वाटायचं, पहिल्यांदा इन्सुलिनचं पेन पोटावर टेकवून दहा मिनिटं नुसता बसलो होतो, सुई जेमतेम ४ मिलीमीटरची, कळलीसुद्धा नाही 😄 आता रात्री एक लांब पल्ल्याचं आणि जेवणाआधी झटपट काम करणारं. शुगर ७०च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांनी परत चेक, ते खिशात असतंच.

गोळ्या घेऊनही वजन घटत असेल तर या दोन टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि गोळ्या मनाने बंद करू नका प्लीज.